दोन म्हणजे सोड

३ फेब्रुवारी, सोमवार. कुंभकोणम्

पोचलो. मिरज सोडल्यापासून पाठ कशी ती टेकली नव्हती, पण सकाळी बसस्टँडसमोर पितळी पेल्यातली कॉफी पोटात गेली आणि अंग पुन्हा आपलं वाटू लागलं. कॉफीवाला एका भांड्यातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून ओततो. डोळे मिटून ऐकलं. पेला भरत येतो तसा सूर चढत जातो. दुसरा पेला मागवला तो निव्वळ ऐकायला.

ही कानांची खोड जुनी. दहाव्या वर्षी तंबोऱ्यांच्या कारखान्यात भोपळे पुसायला लागलो, तिथं कान तयार झाले. पुढं अठरा वर्षं हातगाडीवर शेगड्या दुरुस्त केल्या. बर्नरचं भोक बुजलंय का, हे मी ज्योतीकडं न बघता सांगायचो. मग घरोघर पाइपातून गॅस येणार असं कानावर आलं आणि म्हटलं, शेगडीपुढं किती दिवस बसायचं, आता मागच्या पाइपात शिरू. चव्वेचाळिसाव्या वर्षी पोरांच्या बाकावर बसून फिटरचा कोर्स केला. वर्गात सगळे काका म्हणायचे आणि परीक्षेला माझ्याशेजारची जागा धरायला भांडायचे. पहिली नेमणूक ही, मिरजेपासून इतक्या लांब.

खोली मेलकावेरीत मिळाली, नदीपासून चार पावलांवर. घरमालकीण मीनाक्षीबाई, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. वर त्या आणि त्यांची सून हरिणी राहतात, खाली मी. मुलगा कार्तिक बोटीवर नोकरीला. यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारात आले ते इथलेच झाले. मीनाक्षीबाई मला म्हणाल्या, बैसा, श्रम जाहले असतील. एखाद्या जुन्या दफ्तरातलं पत्रच बोलतंय असं वाटलं. मी 'काय सांगू राव' म्हटलं तर दोघी इतक्या हसल्या की हरिणीला पोट धरून खाली बसावं लागलं. तिला सातवा महिना आहे. संध्याकाळपर्यंत मी मामा झालो होतो.

५ फेब्रुवारी

कामाचा पहिला दिवस. सुपरवायझर गुरुमूर्तिसाहेब तमिळ, इंग्रजी आणि हातवारे अशा तीन भाषांत बोलतात. जोडीदार बालाजी, पस्तिशीचा, घरी मराठी बोलणारा, कपाळावर बुक्का. त्यानं माझे हात उलटे करून पाहिले आणि म्हणाला, शेगडीवाल्याचे हात, चालतील.

इथली एक रीत आज शिकलो. वरचा माणूस पाइपच्या उघड्या तोंडाशी, खालचा गल्लीतल्या व्हॉल्व्हपाशी. मध्ये तीन मजले. गॅसजवळ मोबाइल चालत नाहीत, ते गाडीतल्या डब्यात ठेवायचे. म्हणून पाइपवर पान्यानं ठोकायचं. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे सगळं नीट. वरचा दोन ठोकणार, खालचा दोन परत देणार, वरचा पुन्हा दोन देऊन पक्कं करणार, मगच व्हॉल्व्ह उघडायचा.

मला ही गोष्ट फारच आवडली. प्रत्येकाच्या हाताचा ठोका वेगळा असतो. बालाजीच्या बोटात तांब्याचं वळं आहे, ते पान्याला घासतं, म्हणून त्याच्या ठोक्याआधी बारीकशी खरखर येते. त्याला सांगितलं तर तो हसला नाही.

आणखी एक पाहिलं. बालाजी व्हॉल्व्हपाशी उभा राहत नाही. चढायचं काम कष्टाचं, तरी तो वरच जातो. कामचुकार लोक पुष्कळ पाहिले, हा उलटा निघाला.

८ फेब्रुवारी

आमच्याच घराची लाइन आज बसवली. पाइप गल्लीतून आत येतो, माझ्या खिडकीशेजारून चढतो आणि वरच्या स्वयंपाकघरात जातो. आत अजून नुसती हवा. गॅस सोडायची तारीख अजून ठरायची आहे.

हरिणी कट्ट्याला टेकून बघत होती. याआधी तिची दोन बाळं राहिली नाहीत, हे मीनाक्षीबाईंनी जिन्यात हळू आवाजात सांगितलं. या खेपेला तिरुक्करुगावूरच्या, गर्भ राखणाऱ्या देवीपुढचं एरंडेल आणून ठेवलंय, कळा सुरू झाल्या की पोटाला लावायचं. ती बाटली देव्हाऱ्यात आहे. दोघी जातायेता तिच्याकडं बघतात.

पोरगी चिंतेत दिसली म्हणून तिला ठोक्यांची गंमत शिकवली. तीन वाजता कॉफी झाली की पळीनं पाइपवर दोन ठोके दे, मी खालून दोन परत देईन आणि वर येईन. आवडली तर तीन ठोकीन. आज तीन वाजता दोन ठोके आले. हलका हात, दुसरा ठोका जरा लाजत पडलेला. कॉफी झकास. खाली येऊन तीन ठोकले, वरून हसण्याचा आवाज आला.

१० फेब्रुवारी

कालही तीनला ठोके आले. इथं दुपारी एक ते चार गाव झोपतं, दुकानांची फळकुटं लागतात. त्या शांततेत तो आवाज छान वाटतो.

आज सुट्टी घेऊन खोलीतच होतो. तीनला दोन ठोके आले. मी दोन परत दिले. वरून पुन्हा दोन आले, अगदी कामावरच्यासारखे, पक्के करणारे. पोरगी हुशार आहे म्हणत वर गेलो.

दाराला कुलूप होतं.

पाचला दोघी रिक्षातून उतरल्या. सकाळपासून तिरुक्करुगावूरला होत्या.

ऊन लागलं की पाइप फुगतो आणि टिकटिकतो, हे मला ठाऊक आहे. पण उन्हाला हात नसतो. हा हात हरिणीचा होता. दुसरा ठोका लाजत पडला होता.

१२ फेब्रुवारी

जेवताना बालाजीला कॉफीची गोष्ट गंमत म्हणून सांगितली. त्यानं डब्याचं झाकण लावलं. कुणाला शिकवलंत, कधीपासून, तुम्हीही ठोकलंत का, एवढंच विचारत राहिला. मग म्हणाला, ठोक्याशी खेळायचं नसतं, मामा. आपण हात दाखवला की ते शिकतं.

ते म्हणजे काय, विचारलं. त्यानं सेतूचं सांगितलं.

सेतू त्याचा सहा वर्षांचा जोडीदार. गेल्या वर्षी बालाजी खाली होता, सेतू वर पाइपचं तोंड उघडं ठेवून. दोन ठोके आले. बालाजीनं दोन परत दिले. वरून पुन्हा दोन आले. रीतीत एक केसही चुकला नाही. त्यानं व्हॉल्व्ह उघडला. वर शेजारच्या खोलीत कुणीतरी वेल्डिंग करत होतं. भाजलेला सेतू तीन दिवस जगला आणि तीन दिवस एकच बोलत राहिला, मी ठोकलंच नव्हतं.

बालाजी म्हणाला, हात सेतूचाच होता. सहा वर्षं एका डब्यात जेवलो, मला कळणार नाही?

मी त्याची समजूत घातली. मनात म्हटलं, तुझे कान ते तुझे, माझे तंबोऱ्यात तयार झालेत.

१४ फेब्रुवारी

पेठेतली इमारत. बालाजी वर, मी व्हॉल्व्हपाशी. दुपारचे दोन.

दोन ठोके आले. बालाजीचा हात. माझा पाना उचललेला होता, पण काहीतरी अडलं. ठोका फार स्वच्छ होता. वळ्याची खरखर नव्हती.

व्हॉल्व्हच्या लिव्हरला हात न लावता तीन जिने चढलो. बालाजी उघड्या तोंडाशी बसून दोन्ही हातांनी आटे पुसत होता. पाना पिशवीत. ठोकलंस का, विचारलं. माझं तोंड बघून त्याला समजलं.

खाली येताना मला लाज वाटावी इतका अभिमान वाटत होता. ओळखलं की नाही मी?

तेवढ्यात मागून, भिंतीतल्या पाइपमधून, दोन ठोके आले. त्याआधी बारीकशी खरखर.

१५ फेब्रुवारी

बालाजीनं काम सोडलं. सुटे पाने मला देऊन गेला. खुणा बदलून बघू म्हटलं, तर म्हणाला, सेतूनंही बदलल्या होत्या.

१७ फेब्रुवारी

गुरुमूर्तिसाहेबांकडं गेलो. आमच्या घराची लाइन रद्द करा, दोघी सिलिंडरवर खूश आहेत, असं सांगितलं. वीस तारखेला हरिणीचा वळैकाप्पु आहे. बाईच्या दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या भरतात, किणकिण पोटातल्या बाळाला ऐकू जावी म्हणून. पन्नास माणसं जेवायला. मीनाक्षीबाईंनीच साहेबांच्या मागं लागून एकोणीस तारीख घेतली आहे. साहेब म्हणाले, तुम्हाला भीती वाटत असेल तर कालच दोन नवे फिटर आलेत, त्यांना पाठवतो.

नवा फिटर म्हणजे दोन ठोके ऐकले की व्हॉल्व्ह उघडणारा माणूस. मी म्हटलं, मीच करतो.

मीनाक्षीबाईंना खरं सांगून पाहिलं. त्यांनी चष्म्यातून बघितलं आणि उन्हाचा, लोखंडाचा, लांबी वाढण्याचा हिशेब मला समजावला. मीही आठ दिवसांपूर्वी हाच समजावला असता.

मग हरिणीला म्हटलं, ठोक्यांचा खेळ आता पुरे. ती म्हणाली, मामा, मी शनिवारनंतर एकदाही पहिला ठोका दिला नाही. तुम्हीच खालून ठोकता, मी फक्त परत देते.

मी एकदाही पहिला ठोका दिलेला नाही.

ती हसत म्हणाली, बाळालाही आता कळतं. ठोके आले की आतून दोनदा लाथ मारतं.

१८ फेब्रुवारी

खिडकीचा पाइप फडक्यांनी गुंडाळला. फडकी सुतळीनं बांधली. तीनला दोन ठोके आले. दबके नाहीत. लख्ख.

वरून हरिणी म्हणाली, बघा आत्या, पुन्हा लाथ.

दोघींना लाइन लागेपर्यंत बहिणीकडं जाऊन राहा म्हणून विनवलं. वळैकाप्पुच्या आदल्या दिवशी घर सोडत नाहीत, म्हणाल्या.

उद्याचं असं ठरवलं. वर पाइपचं तोंड मी स्वतः बंद करीन, साबणाचं पाणी लावून गळती बघीन, मग खाली येऊन व्हॉल्व्हपाशी बसेन. तिथून हलणार नाही. मी सांगेपर्यंत वर काहीही पेटवायचं नाही, देवापुढचा दिवासुद्धा. मी खालून तीन ठोकले की समजायचं, सगळं नीट. माझ्या हाताचे तीन. हरिणीला ऐकवून ठेवले. ती म्हणाली, मामांचा हात मी कुठंही ओळखीन.

बालाजीचा हात ते शिकलंय. हरिणीचा शिकलंय. माझा एकट्याचा राहिलाय; हरिणीनं खालचे ठोके माझे समजले ते वेळेमुळं, हातामुळं नाही.

१९ फेब्रुवारी, दुपार

३.२० — वर पाइपच्या तोंडाचा कॉक बंद केला. साबण लावला. बुडबुडा नाही. खाली आलो. लिव्हर काढून शर्टाच्या खिशात ठेवली. आता हातानं कुणाला उघडता येणार नाही. साहेबांना सांगणार, व्हॉल्व्ह खराब निघाला. उद्या सिलिंडरवर स्वयंपाक होऊ दे. रागावले तर रागावले.

वेळा लिहून ठेवतो. लिहिलं की हात कामात राहतो.

४.०५ — दोन ठोके. बालाजी. खरखरीसकट. बालाजी गावात नाही. बसून राहिलो.

४.४० — दोन. हा हात ओळखीचा नाही. जड. मध्ये फार वेळ गेला, बोटं नीट मिटत नसल्यासारखा. सेतूला मी कधी ऐकलेलं नाही.

५.१५ — दोन. काचेची किणकिण आहे त्यात. बांगड्या तर उद्या आहेत. हाक मारून विचारलं. मीनाक्षीबाई म्हणाल्या, बांगडीवाला माप बघायला चार घालून गेला. हरिणीनं ठोकलं का, विचारलं. ती झोपली आहे, म्हणाल्या.

५.३० — दिवेलागण होत आली. वर समईत तेल घालताहेत. थेंब ऐकू येतात. ओरडून सांगितलं, माझे तीन ऐकल्याशिवाय नाही. मीनाक्षीबाई म्हणाल्या, ठाऊक आहे, विसरले नाही, तीन.

आता वाटतं, तीन ठरवायला नको होते. कॉफी आवडली की तीन ठोकायचो. रोज. याच पाइपवर. ते ऐकत होतं —

वर जाऊन तोंडानं सांगतो, ठोके ऐकू नका. पण व्हॉल्व्ह सोडून —

५.४१ — दोन. किणकिण.

५.४१ — खालून दोन परत गेले. माझा पाना मांडीवर आहे. दोन्ही हात वहीवर. हात माझा होता. दुसरा ठोका मी थोडा ओढून देतो. तसाच.

वरून पुन्हा दोन. पक्कं झालं.

पाइपात फुसफुस. बारीक. चढता सूर, पेला भरताना चढतो तसा. व्हॉल्व्ह बंद आहे. लिव्हर खिशात —

खिशात नाही.

वरचा कॉक मी बंद केला होता. केला ना? साबण लावला, बुडबुडा —

तीन.

माझा हात. स्वच्छ. सगळं नीट.

वर हरिणी जागी झाली. हसते आहे. बांगड्यांनी तीन परत देते आहे. ओरडतो, पेटवू नका. वर नुसती बांगड्यांची किणकिण —

उठतो. जिना अकरा पायऱ्या. वर काडेपेटी हलवल्याचा —