पाकिटावरचं एम. ए.

३ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

काम लागलं एकदाचं! बॅगांच्या कारखान्यात रिव्हेट, म्हणजे पट्ट्यांचे धातूचे खिळे, ठोकायचं. बसायला स्टूल आहे, बाजूला खिडकी आहे, आणि डोक्यावरचा पंखा चक्क फिरतो. सहा महिन्यांनी कायम करतात. राहायला मागच्याच गल्लीत खोली मिळाली. पत्रं कारखान्याच्या पत्त्यावर टाक, गेटवरचा टाइमकीपर वाटतो.

एक विनंती. पाकिटावर माझ्या नावापुढे एम. ए. लिहीत जाऊ नकोस. का ते विचारू नकोस, पण विसरूही नकोस. भोंगा झाला, पळतो.

लोभ आहेच, तो ओरडून का होईना, चालू ठेव.
तुझा पंडित

९ फेब्रुवारी

चि. पंडितास अ. उ. आ.

पत्र वाचलं नि मशीन थांबवून लगेच लिहायला बसले. का ते विचारू नकोस म्हणे! आधी वाटलं, नापास झालास की काय. पण प्रमाणपत्र तर माझ्याच ट्रंकेत आहे. मग लाज कसली वाटते रे? दोन वर्षं प्रत्येक पाकिटावर ती अक्षरं लिहितेय मी. पोस्टातले मास्तरसुद्धा मला एम. ए.ची ताई म्हणतात.

इथे शर्टांच्या कॉलरी शिवून मला अठरा वर्षं झाली. परवा नवी सुपरवायझर आली, डिप्लोमावाली. पोरगी गोड आहे, पण कॉलरचं टोक कसं काढायचं ते तिला मीच शिकवते, आणि माझ्या कामावर सही ती करते. पगार माझ्या दीडपट. मी सातवी, काय बोलणार? तुझ्या डोक्यावर असं कोणी बसू नये म्हणून तर तुला शिकवला, आणि तू तेच पुसायला सांगतोस! तुझा भिडस्त स्वभाव मला माहीत आहे, साहेब तुला कमी पगारात राबवत असणार. आठवड्यात खरं काय ते कळव, नाहीतर मी माझ्या पद्धतीने बघते.

उत्तराकडे डोळे लावून,
ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

चार दिवस लिहितोय नि फाडतोय. आता सांगूनच टाकतो. नऊ कचेऱ्यांनी अनुभव नाही म्हणून परत पाठवलं, तीन कारखान्यांनी शिक्षण फार म्हणून. शिकलेले टिकत नाहीत, काम शिकवेपर्यंत पळतात, असं त्यांचं म्हणणं. चूक तरी कसं म्हणू? म्हणून इथल्या अर्जावर मी फक्त दहावी लिहिलं. टाइमकीपरने तुझं पाकीट वाचलं की हातात नारळ! नशीब, मागचं त्याने नीट पाहिलं नाही.

गंमत बघ, परवा फळ्यावर सुपरवायझरची जागा लागली, पदवी हवी म्हणून. मी वाचलं आणि मुकाट्याने स्टुलावर जाऊन बसलो. लोकांसमोर वर्तमानपत्रसुद्धा अडखळत वाचतो. मी शिकावं म्हणून तू मशिनीवर बसलीस, आणि मी ते शिक्षण चोरीच्या मालासारखं लपवतोय. लाज वाटते ती याची, एम. ए.ची नाही.

रागाव, पण लिही.
पंडित

२० फेब्रुवारी

चि. पंडितास अ. उ. आ.

घात झाला रे! तुझं पत्र आज दुपारी मिळालं, आणि कालच मी प्रमाणपत्राला प्लास्टिक लावून थेट तुमच्या मोठ्या साहेबांच्या नावे रजिस्टर केलं. भाऊ एवढा शिकलेला आहे, त्याच्या लायकीचा पगार द्या, एवढंच लिहायला बसले होते. चार ओळींची चार पानं झाली. कॉलरी, डिप्लोमावाली, माझ्याकडून शिकून वरच्या जागी गेलेल्या सगळ्या पोरी, सगळं ओकून बसले.

तशीच पोस्टात धावले. मास्तर म्हणाले, थैली गेली, आता देवाच्या बापालाही परत मिळायची नाही. आज माझ्याकडून दोन सुया मोडल्या, माझ्याकडून! ते हाती पडायच्या आत तूच साहेबांना सांगून टाक.

शिव्या घाल, पण गप्प बसू नकोस.
तुझी मूर्ख ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि ते रजिस्टर एकाच थैलीतून आली. तासाभरात बोलावणं. टेबलावर एका बाजूला प्रमाणपत्र, दुसऱ्या बाजूला माझा अर्ज. यातलं खोटं कुठलं, असं साहेबांनी विचारलं. अर्ज, मी म्हणालो. खोटा अर्ज केला म्हणून रिव्हेटचं काम गेलं, आणि त्याच अर्जापायी सुपरवायझरचीही आशा नको, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. शनिवार शेवटचा.

मग त्यांनी तुझी चार पानं पुन्हा वाचली, मला उभं ठेवून. शिवण विभागात नवी माणसं दोन महिन्यांत सोडून जातात, धड शिकवणारं कोणी नाही. तू येशील का, असं विचारलं. काम शिकवायचं, पगार सुपरवायझरचा. अर्ज सोबत पाठवतोय.

खोटं कशाला बोलू, तुझा भयंकर राग आला. पाच मिनिटं. मग जिन्यात बसून हसलो, आणि मग रडलो. तू ये, ताई. खोली माझीच घे.

तुझी वाट पाहणारा,
पंडित

१८ मार्च

चि. पंडितास अ. उ. आ.

मी तुझ्या खोलीत, तू माझ्या, काय हा उलटा संसार! पंखा फिरतो खरा, पण कुरकुरतो हे सांगितलं नाहीस. बॅगेची सुई जाड, पहिल्या दिवशी दोरा तीनदा ओवला. समोर अकरा जणी आणि दोन बाप्ये, सगळे माझ्या बोटांकडे बघत होते. तुझ्या मंगळवारच्या मुलाखतीचं काय झालं? रोज गेटवर पत्र विचारते. जेवण गोड लागत नाही.

पाकीट बघितलंस ना? जाड अक्षरात लिहिलंय, आता कोणाची भीती!

अर्ज मी गेटवरच भरला. टाइमकीपरने बजावलं, शिक्षणाच्या रकान्यात खरं तेच लिहा, इथे नुकताच एक प्रकार झालाय. मी मान डोलावली आणि लिहिलं, स्वतः सातवी, भाऊ एम. ए. दुसरं खोडा म्हणाला. मी नाही खोडलं.

होती तशीच तुझी,
ताई