कौलांखालचं गवत

मु. चिंचवाडी, ता. अहमदपूर
९ मे १९८३

ती. दादांस पंढरीचा सा. जयभीम.

सलग दुसऱ्या साली पाऊस नाही. चाऱ्याचा अर्ज घेऊन लातूरला गेलो, तर नव्या जिल्ह्याचे साहेब म्हणाले, तुमचे कागद अजून उस्मानाबादेतच आहेत. एकच बैल उरलाय, तोही उठेना. केवळा म्हणाली, पाऊसच नाही तर छपराला गवत कशाला? परवा ओसरीच्या कौलांखाली तुम्ही अंथरलेलं गवत तिनं उपसलं. बैल खातोय. आता तिथं काय घालावं? सपाट माळवदाची मातीही भेगाळलीय. गवंडी दीर असून घर उघडं, असं ती लोकांना सांगत फिरते. कळवा.

तुमचा पंढरी

बिलोली, १३ मे

चि. पंढरीस आशीर्वाद.

ते गवत बैलाला घालू नका. गेल्या साली अंथरताना वाळवीसाठी मी त्यात विषारी पावडर मिसळली होती. सांगायचं राहून गेलं. बाकी मागून लिहितो.

रामकिशन

चिंचवाडी, १७ मे

ती. दादांस सा. जयभीम.

कार्ड काल मिळालं. बैल अकरा तारखेलाच गेला. तोंडाला फेस होता, लई पाय झाडले. केवळा हातानं घास भरवत होती. तो भुकेनं गेला, आपल्यालाच उशीर झाला, असं ती धरून बसलीय. कार्ड मी वाचून दाखवलं नाही, चुलीत घातलं. दादांनी छपराचं काय लिहिलं, म्हणून रोज विचारते. तिला ऐकवता येईल असं पत्र लिहा. माझा राग नाही.

पंढरी

बिलोली, २१ मे

चि. पंढरी व सौ. केवळाबाईस आशीर्वाद.

बैल गेल्याचं कळलं. वंदनेला बसलो, पण मन लागलं नाही.

ओसरीला उतार आहे, तिथं कौलांखाली डांबरी कागद घालू. खालच्या कडेपासून वर चढत जायचं, वरचा पट्टा खालच्यावर वीतभर आला पाहिजे. माळवदावर पाणी रेंगाळतं. तिथं तुराट्या, त्यावर पळसाची पानं दाट, मग पांढरी माती चोपून. कागद मी आणतो, मीच घालतो.

केवळाबाई, उपाशी जनावराच्या तोंडी तुम्ही घास घातलात. उशीर तुमच्याकडून झाला नाही. तो माझ्याकडून झाला. सांगायचं ते मी वेळेवर सांगत नाही.

माझ्यावर माया राहू द्या.

रामकिशन