सायडिंगच्या तोंडाशी

३ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी फोन आला. ह्यांचा नाही, अंकितचा. अंकित ह्यांचा असिस्टंट, इंजिनात शेजारी बसतो. "आंटीजी, सर ठीक हैं," अशी सुरुवात. कोणी असं बोलायला लागलं की समजायचं, काहीतरी बिघडलंय.

ह्यांनी मालधक्क्याच्या सायडिंगमधून, म्हणजे बाजूच्या रुळावरून, भरलेली मालगाडी काढली. सिग्नल लाल असताना. इंजिन आणि मागचा एक डबा ट्रॅपवरून मातीत उतरला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. थोड्याच वेळात शेजारच्या मेन लाइनवरून पॅसेंजर गेली, खचाखच भरलेली.

संध्याकाळी हे आले. बूट मातीने भरलेले. वाढू का विचारलं, नको म्हणाले. पाणीसुद्धा मागितलं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

सस्पेंड. सकाळीच कळलं.

कॉलनीत राहायचं म्हणजे दुःखसुद्धा एकट्याने करता येत नाही. दिवसभर माणसं. चहा करून करून दूध संपलं. जो तो म्हणतोय, "चौधरी साब, ट्रॅप ने बचा लिया." (इतकी वर्षं गाझियाबादेत आहोत, अजून निम्म्यांना वाटतं आम्ही जाट. भुसावळचे चौधरी सांगितलं की तोंडाकडे बघतात.)

वरच्या मजल्यावरच्या नव्या सुनेला बिचारीला ट्रॅप म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. तिला सांगितलं, सायडिंगच्या तोंडाशी रुळाचा एक तुकडा मुद्दाम उघडा ठेवलेला असतो. सिग्नल मिळाला की तो जुळतो. नाही मिळाला आणि गाडी तरी पुढे आली, तर तो तिला रुळावरून खाली ढकलतो, मातीत. मेन लाइनवर जाऊन दुसऱ्या गाडीला धडकण्यापेक्षा ते बरं. "मतलब जानबूझ के गिराते हैं?" म्हणाली. हो बाई, मुद्दाम पाडतात.

हे आतून ऐकत होते. माणसं गेल्यावर म्हणाले, "मला नाही वाचवलं त्याने. पॅसेंजरमधल्या लोकांना वाचवलं." एवढंच बोलले दिवसभरात.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज बोलते केले. म्हणजे चिडून विचारलं, तेव्हा बोलले.

गाडी सायडिंगमध्ये बराच वेळ उभी. शेजारी मेन लाइनचा सिग्नल हिरवा झाला, पॅसेंजरसाठी. अंकित म्हणाला, "स्टार्टर हरा," म्हणजे गाडी सोडायचा सिग्नल हिरवा. ह्यांनीही म्हटलं, "स्टार्टर हरा," आणि ब्रेक सोडला. आपला सिग्नल लालच होता. दोघांनी शेजारणीचा बघितला.

"आधी त्याने पुकारलं?"

"हो."

इंजिनात नियमच आहे. सिग्नल दोघांनी बघायचा, दोघांनी मोठ्याने पुकारायचा. म्हणजे एकाची चूक दुसऱ्याने पकडावी. मी विचारलं, मग तुम्ही काय बघत होता? धुकं असतं तर निदान धुक्यावर ढकलता आलं असतं. त्या दिवशी ऊन होतं लख्ख.

मला अंकितचा असा राग आलाय की काय सांगू. ह्याच पोराला मी भरीत-भाकरीचे डबे दिले.

८ फेब्रुवारी, रविवार

मुग्धा आली गुडगावहून. बाबांना मिठी मारून रडली, मग लगेच कामाला लागली. आमची लेक ऑफिसात मॅनेजर आहे ते घरात पाऊल टाकताच कळतं. युनियनच्या शर्माजींना बोलावून घेतलं, सगळं विचारून घेतलं.

शर्माजींचं म्हणणं असं: लाल सिग्नल ओलांडला की नोकरी जाते. पण चुकीचं आधी असिस्टंटने पुकारलं हे इन्क्वायरीत ठरलं, तर ह्यांना खालच्या कामावर टाकतील, पेन्शन राहील. अंकितला काढतील.

मु. म्हणाली, "मग बाबा, बिल्कुल सिंपल आहे. जे झालं तेच सांगायचंय. खोटं थोडंच बोलताय?"

हे उठून बाल्कनीत गेले. मु. म्हणाली, शॉकमध्ये आहेत. असतील. मला मात्र ते शॉकमध्ये वाटत नाहीत. लाजल्यासारखे वाटतात.

११ फेब्रुवारी, बुधवार

घरात पुरुषमाणूस दिवसभर बसलेलं असणं म्हणजे काय ते कळतंय. पेपर घेऊन बसतात, पान उलटत नाहीत. बाहेरून गाडी गेली की मान खाली.

शिवणाच्या मशीनची सुई ओवायला दिली. लग्न झाल्यापासून सुई हेच ओवतात, माझे डोळे पहिल्यापासून अधू. ड्रायव्हरचे डोळे आहेत म्हणून मिरवायचे. आज म्हणाले, तुझं तू कर. दिवाळीपासून हेच चाललंय. मी म्हटलं, राहू दे, नका करू, माझ्यावर कशाला खेकसता? नंतर वाईट वाटलं. सस्पेंड झालेल्या माणसाशी तरी नीट बोलावं.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. उपास. अंकितचा फोन, सरांशी बोलायचंय. ह्यांनी मान हलवून नाही म्हणून सांगितलं.

मग मीच बोलले. चांगला फैलावर घेतला, माझ्या मोडक्या हिंदीत. तुझ्या एका शब्दापायी ह्यांची आयुष्यभराची नोकरी गेली, तुला दिसत नाही का, तरुण डोळे काय फक्त मोबाइल बघायला दिलेत का, असं बरंच.  शेवटी तो म्हणाला, "जी, आंटीजी."  

हे म्हणाले, "त्याला कशाला बोललीस?" आणि दार लावून घेतलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कोणाला न सांगता मी तिकडे जाऊन आले. पॅसेंजरने. स्टेशन लहान आहे, सायडिंग फलाटाच्या टोकाकडून दिसते. कांटेवाल्याला, म्हणजे रूळ जुळवणाऱ्याला, सांगितलं मी कोणाची बायको ते. त्याने खुर्ची आणून दिली, आणि लांबूनच बोटाने दाखवलं.

काहीच नाही हो. रुळाचा एक तुकडा, टोकाशी बारीक झालेला, जरा बाजूला सरकवून ठेवलेला. इंजिन क्रेनने उचलून नेलंय, माती तेवढी उकरलेली. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल, राक्षसासारखं. कांटेवाला म्हणाला, वर्षानुवर्षं नुसता पडून असतो, आम्ही तेल घालतो, कधी कामाला येऊ नये अशी प्रार्थना करतो.

तेवढ्यात मेन लाइनवरून गाडी गेली. दारात बाया बसलेल्या, भाजीच्या टोपल्या, एकीच्या मांडीवर मूल झोपलेलं. तशीच ती गेली असणार त्या दिवशी. कोणाला पत्तासुद्धा नाही. मला तिथेच रडू फुटलं. ह्यांच्यासाठी रडले की त्या मुलासाठी, देव जाणे. लांबूनच हात जोडले आणि परतीची गाडी धरली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी अंकित आला. हे फिरायला गेले होते. ते बाहेर पडायची वाट बघत खाली उभा होता म्हणे.

आत ये म्हटलं नाही मी. दारातच उभा राहून बोलला.

"आंटीजी, सर को दूर का ठीक से नहीं दिखता. दिवाली से उनके सिग्नल मैं ही देख रहा हूँ."

मग सगळं सांगितलं. आधी हे नुसतं विचारायचे, क्या है अंकित? हा सांगायचा. मग तीच सवय झाली. हा बघणार, हा पुकारणार, हे त्याच्या मागून पुकारणार. हा म्हणायचा, सर, डॉक्टरला दाखवा. हे म्हणायचे, पुढच्या मेडिकलला बघू. त्याचे वडील वारले तेव्हा ह्यांनी त्याची किती ड्यूटी निभावून नेली, काम शिकवलं, त्या माणसाविरुद्ध कोणाकडे जाणार? त्या दिवशी त्याची चूक झाली, ते तो कबूल करतो. "गलती मेरी है. पर दूसरी आँख होती तो पकड़ी जाती."

अजून कोणाला बोललेला नाही. गेल्या वर्षीचं मेडिकल पास आहे, म्हणून ह्यांच्या डोळ्यांचं अजून कोणी विचारलेलं नाही.

"पूछेंगे तो क्या बोलूँ, यही पूछने आया हूँ."

मला विचारायला आला होता. ज्या बाईने त्याला तसं झापलं तिला. मी आत बोलावलं, चहा केला. उत्तर काही दिलं नाही. चहा पिऊन, कप धुऊन ठेवून गेला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

विचारलं. आधी हे ओरडले, अंकित खोटारडा आहे म्हणून. मी त्यांना खिडकीपाशी नेलं, समोरच्या पाण्याच्या टाकीवर काय लिहिलंय वाचा म्हटलं. नाही वाचता आलं.

मोतीबिंदू असेल. साधा मोतीबिंदू! सांगितलं असतं तर इंजिनावरून उतरवलं असतं, ऑफिसात बसवलं असतं, पगार चालू, पेन्शन चालू. ऑपरेशन झालं असतं. एवढंच व्हायचं होतं. मी म्हटलं, का नाही बोललात? म्हणाले, "अनफिटचा शिक्का घेऊन खुर्चीवर बसू? लोक काय म्हणतील, चौधरी आंधळा झाला?"

तेव्हा माझा तोल गेला. म्हटलं, आता काय म्हणतायत लोक? मातीत उतरलात तेव्हा काय म्हणाले? शेजारून माणसांनी भरलेली गाडी येत होती, तीत लेकुरवाळ्या बाया होत्या, आणि तुम्हाला शिक्क्याची पडलीय? तो ट्रॅप नसता तर मी कोणाच्या तोंडाकडे बघणार होते?

हे रडले. मोठ्याने. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा असे रडले नव्हते. जवळ जाऊन बसावं असं वाटलं, पण गेले नाही. आता लिहिताना वाटतंय, जायला हवं होतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

अबोला. ताट वाढते, जेवतात, ताट उचलते.

मु.ला फोनवर सगळं सांगितलं.  मग म्हणाली, "आई, प्रॅक्टिकल हो ना यार. डोळ्यांचं बाहेर आलं तर लपवून गाडी चालवली म्हणून बाबांना सरळ काढतील. पेन्शन गेली, क्वार्टर गेलं. अंकित यंग आहे, दुसरी नोकरी मिळेल."

आणि डोळ्यांचं बाहेर आलं नाही तर अंकित जाणार. त्याची आई त्याच्याकडेच असते. मागच्या वर्षी लग्न झालंय. आमच्या बाजूने खरं सांगितलं तर शिक्षा त्यालाही होईल, पण सरांच्या धाकात होता म्हणून नोकरी बहुतेक राहील, असं शर्माजी म्हणाले. (मी 'समजा असं असतं तर' म्हणून विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुढे काही विचारलं नाही.)

मु.ला रागावता आलं नाही. ती जे बोलली ते मला हवंच आहे. इथे लिहिते, कारण तोंडाने बोलणार नाही. म्हातारपणी कुठे जायचं? भुसावळला आता आहे कोण? आणि तरी अंकितने धुऊन ठेवलेला तो कप अजून उचललेला नाही.

४ मार्च, बुधवार

धुळवड. खाली सगळी कॉलनी रंगलेली, आमचं दार कोणी वाजवलं नाही. ज्यांना चहा करून करून दूध संपलं होतं तेच सगळे.

काल पुरणपोळ्या केल्या, सवयीने. जेवताना हे बोलले, कितीतरी दिवसांनी. "अंकितला दिल्यास का?" दर वर्षी त्याचा डबा जातो. नाही दिल्या म्हटलं. ह्यांनी पोळी अर्धी ठेवली. मग मीही ठेवली.

८ मार्च, रविवार

उद्या इन्क्वायरी, दिल्लीला. दोघांनाही बोलावलंय.

शर्ट इस्त्री करून ठेवला. विचारलं, काय सांगणार? म्हणाले, "अजून कळत नाहीये. तू सांग."

हे मला! ज्यांनी आयुष्यात साधी बदली घेतानासुद्धा मला विचारलं नाही. मी म्हटलं, मी सांगणार नाही. डोळे मिटले की अंकितची आई दिसते, आणि डोळे उघडले की हे घर दिसतं. मी तरी काय सांगू?

"रागावलीयस अजून?"

हो म्हटलं. पण जवळ बसले.  माझा हात धरला ह्यांनी.

९ मार्च, सोमवार

सकाळी अंकित मोटारसायकल घेऊन दारात. म्हणाला, मेट्रो की सीढ़ियों पर सर को दिक्कत होगी, मैं ही ले जाता हूँ. मला वाटलं हे नाही म्हणतील. नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "थांब, आलो."

जिना उतरताना अंकितने कोपराला धरलं. खाली हेल्मेट घातलं ह्यांच्या डोक्यात. पट्टा लागेना, तर त्यानेच हनुवटीखाली लावून दिला. मी बाल्कनीतून बघत होते.  हे मागे बसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि गेले. दोघांतला एकच वाचणार आहे, कदाचित एकही नाही, आणि गेले एकाच गाडीवर.

कोण काय सांगणार, मला माहीत नाही. त्यांनाही एकमेकांचं माहीत नसावं. मु.चे फोन येतायत, काय झालं म्हणून. मी उचलत नाहीये.

दुपार कलली. अजून काही नाही. परत येतील तेव्हा भुकेले असतील. तांदूळ निवडून ठेवलेत, डाळ भिजत घातलीय. दोघांपुरतं लावू की अंकितचंही धरू, ते कळत नाहीये.