एल्विसच्या वतीनं

८ जानेवारी
आज एल्विसचा जन्म! आपल्याकडे वाढदिवस ज्याचा, त्यानंच चार लोकांचं तोंड गोड करायचं. आता तो बिचारा कुठून यायचा आमच्या या गावाला, झ्रेन्यानिनला? म्हणून त्याच्या वतीनं मीच चॉकलेटचा डबा घेऊन जिना उतरलो. खरं सांगायचं तर बायको, माझी ल्युबिंका, गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच तेवढ्या. काल आमचा, जुन्या पंचांगाचा नाताळ. मुलाचा फोन आला — "सगळं ठीक ना, बाबा?" ठीक!

दुसऱ्या मजल्यावर वुकोसावाबाई. एकट्याच. दार अर्धंच उघडलं, कॉफीचा वास पार जिन्यात.
"आज कुणाचा वाढदिवस, शेजारी?"
"एल्विसचा."
"अजून आहे तो?"
"नाही हो."
"देव शांती देवो." एक चॉकलेट उचललं, दार बंद.
तरी बरं वाटलं. भुकेला कोंडा!

१४ जानेवारी
जुन्या पंचांगाचं नवं वर्ष. काल फटाके फार. आलं कुणी नाही.

१९ जानेवारी
जॅनिस जॉप्लिन.
"गायची का ही बाई?"
"किंचाळायची म्हणा."
"मग आमच्या सुनेचीच बहीण!" हसल्या! दार आज थोडं जास्त उघडं. आत टेबलावर एकच कप दिसला. या, बसा, म्हणाल्या नाहीत. मी तरी आपणहून कसं म्हणणार?

२१ जानेवारी
आज ओळखीचं कुणी जन्मलेलं आठवेना. राहवेना पण. गेलो, आणि तोंडातून निघालं — एल्विस!
"तो याच महिन्यात जन्मून गेला की, शेजारी."
उचलली जीभ, लावली टाळ्याला — "जुन्या पंचांगानं हो! तेरा दिवस पुढे."
"अमेरिकेत कुठलं आलंय जुनं पंचांग?"
वरच्या मजल्यावरचा पोरगा, नेबोयशा, उतरत होता. जिन्यातच खो खो. "झिवोयिनकाका, मग बीटल्सचंही दोन-दोनदा करा! आम्हाला चालेल."
चोरासारखा वर आलो. डबा तसाच हातात.

३० जानेवारी
आजच्याच दिवशी बीटल्सनी गच्चीवर जाऊन वाजवलं होतं. ऐन थंडीत. खाली रस्त्यात लोक माना वर करून उभे. मी दिवसभर खिडकीशी. खाली बर्फ, वर कुणी बघेना.
गेलो नाही.

६ फेब्रुवारी
बॉब मार्ले. नाही गेलो.

७ फेब्रुवारी
आज कोण जन्मलं ते पाहिलंच नाही. रिकाम्या हातानं उतरलो, घंटा दाबली.
"आज कोण?"
"कुणी नाही. एकट्याला कॉफीचा घोट उतरत नाही, म्हणून आलो."
मग दार सताड. "बूट काढा. आणि पुन्हा तो डबा आणू नका — बारा वर्षं मधुमेह आहे मला."