पाऊण इंच जास्तीची पाटी

६ नोव्हें., गुरुवार

कॉलेजातून आलो तर फाटकाशी नगर निगमच्या झोन ऑफिसचा माणूस उभा. हातात नोटीस, वसुधाच्या नावाची.

"मैडम को बुला दीजिए, साइन चाहिए."

म्हटलं, ती सप्टेंबरमध्ये गेली. तो गडबडला. नोटीस परत घेऊ लागला, मग पुन्हा पुढे केली. मीच सही केली. खाली 'पति' लिहिलं.

रहिवासी भागात विनापरवानगी व्यवसायाचा बोर्ड. पंधरा दिवसांत नियमात बसवा, नाही तर काढा. सगळ्या गल्लीला दिल्या आहेत. शेजारच्या खंडेलवालजींनाही, त्यांच्या होमिओपॅथीच्या फ्लेक्सबद्दल. ते गॅलरीतून ओरडले, "अरे भिया, किसी से बोल देते हैं, हो जाएगा." म्हटलं, नको. मी बघतो.

पाटी राहील. यात काही शंका वाटत नाही.

७ नोव्हें.

लॅबमध्ये नियमांची प्रत छापून घेतली. हिंदीत, अकरा पानं. दोन पिरियडच्या मधल्या वेळात पेन्सिल घेऊन वाचली. पोरांना वर्षानुवर्षं सांगतो की ड्रॉइंगवर जे लिहिलंय तेवढंच बांधायचं, आपल्या मनाचं नाही. नियमही तसेच वाचायचे.

घरातून काम करणाऱ्यांसाठी वेगळं कलम आहे. पाटी आपल्या हद्दीत हवी, रस्त्यावर आलेली नको. दिवे नकोत. रुंदी तीन फुटांच्या आत. आणि जो त्या घरात राहतो, तिथे काम करतो, त्याच्या नावाची.

पहिल्या तीन गोष्टींपुढे टिक केली. चौथी तशीच ठेवली.

९ नोव्हें., रविवार

सकाळी पाटी उतरवली. कंपाउंडच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्ट्यांवर होती, खरंच चार बोटं रस्त्यावर येत होती. आता आत आणून क्लासच्या दाराशेजारी तारेने टांगली आहे. पक्की नंतर करीन.

पत्र्याची पाटी, हाताने रंगवलेली. 'वसुधा शिवण वर्ग', खाली बारीक अक्षरात कटिंग, ब्लाउज, फॉल-पिको. अक्षरं मी ग्राफ पेपरवर आखून दिली होती, मल्हारगंजच्या पेंटरने पत्र्यावर उतरवली. तेव्हा व. म्हणाली होती, "एवढं मोठं नाव कशाला? मी काय डॉक्टर आहे?" मग महिनाभर भाजी घेऊन येताना फाटकाशी थांबून बघायची.

मोजायला क्लासची खोली उघडली. ती गेल्यापासून पहिल्यांदा. टेबलाच्या ड्रॉवरमधून तिचा टेप काढला आणि पुन्हा कुलूप लावलं. माझा स्टीलचा टेप कपाटात होता. तरी.

छत्तीस इंच. बरोबर तीन फूट. आखली होती तेवढीच निघाली.

खंडेलवालजी पोह्याचा पुडा घेऊन आले. पाटी आत गेलेली बघून म्हणाले, "मेरी मानो तो उल्टा करके टाँग दो. बोर्ड भी रहेगा, कानून भी." पुष्कळ दिवसांनी हसलो.

१० नोव्हें.

झोन ऑफिस. तिवारीजी म्हणून आहेत, चष्मा कपाळावर, टेबलावर फायलींचा ढीग. माझी खुणा केलेली प्रत बघून म्हणाले, "सरजी, आप पहले आदमी हो जो पढ़ के आए हो. बाकी सब चिल्ला के आते हैं." पाहणीची तारीख १४ दिली.

अर्ध्या तासात बाहेर.

११ नोव्हें.

संगीता आली होती. नऊ वर्षं व.कडे होती, आधी शिकायला, मग नव्या मुलींना शिकवायला. पायरीवरच उभी राहिली. मी आत ये म्हटलं तरी नाही.

"काका, चावी चाहिए थी. लगन का सीजन आ गया है. भंवरकुआं वाली लड़कियाँ रोज फोन करती हैं, दीदी क्लास कब से."

म्हटलं, आधी पाटीचं काम होऊ दे. मग बघू.

ती पाटीकडे बघत राहिली. "काका, बुरा मत मानना. बोर्ड के लिए इतनी दौड़भाग कर रहे हो, और अंदर मशीनें जाम हो रही हैं. तेल नहीं डाला दो महीने से."

चहा घेणार का विचारलं. नको म्हणाली.

चावी दिली नाही.

१२ नोव्हें.

मुग्धाचा पुण्याहून फोन. "बाबा, काढायलाच लावली तर मला पाठवा. मी हॉलमध्ये लावीन. आईची आठवण." चांगल्या मनाने म्हणाली. तरी मी जरा तुटकच बोललो. पाटी हॉलमध्ये कशी लावतील? ती बाहेरून येणाऱ्याने वाचायची असते.

नंतर तेच डोक्यात. बाहेरून येणारं कोण आहे आता?

१४ नोव्हें.

पाहणी. तिवारीजी स्वतः आले. हद्द बघितली, ठीक. दिवे नाहीत, ठीक. मग खिशातून स्टीलचा टेप काढला. मी निवांत उभा होतो.

छत्तीस आणि पाऊण.

म्हटलं, शक्य नाही. त्यांनी पुन्हा लावला, मला एक टोक धरायला दिलं. छत्तीस आणि पाऊण. मी व.चा टेप आणून शेजारी लावला. छत्तीस.

तिवारीजी हसले नाहीत. "सरजी, आप तो ड्राइंग पढ़ाते हैं." एवढंच म्हणाले. "पौन इंच की कोई बात नहीं, पर मुझे लिखना पड़ेगा. आप ठीक करवा लो."

मग दाराच्या कुलपाकडे बघून, "क्लास चालू है?"

मी म्हटलं, बंद आहे.

"बंद है तो बोर्ड किस बात का, सरजी? क्लास चले तो कागज़ बनेगा. २१ तक का टाइम है."

बरोबर बोलले. चौथी अट मी टिक न करता ठेवली होती, नेमकं तिच्यावरच त्यांनी बोट ठेवलं.

कॉलेजात पोरांना सांगतो, ज्या मोजपट्टीवर भरवसा नाही तिने मोजू नये. आज कुणाला सांगितलं नाही.

१५ नोव्हें., शनिवार

संगीताला मीच फोन केला. ती आल्यावर टेप दाखवला. बघताच म्हणाली, "अरे काका, ये तो खिंचा हुआ है! मैडम नई लड़कियों को ये देती ही नहीं थीं. खुद इसी से नापती थीं, इसी से काटती थीं, तो फरक नहीं पड़ता था."

म्हणजे व.ला ठाऊक होतं. दोन्हीकडे एकच टेप, म्हणून तिचे ब्लाउज बसायचे. मी एकीकडे हा लावला, दुसरीकडे निगमचा.

खोली उघडून दिली. पाच मशिनी. सं.ने खिडक्या उघडल्या, पदर खोचला आणि तेलाची कुपी मागितली. मला सापडेना. तिने दुसऱ्या मशीनच्या खणातून स्वतःच काढली. चार मशिनी फिरल्या. पाचवी व.ची. तिच्यावर कव्हर होतं. सं.ने माझ्याकडे बघितलं. म्हटलं, तिलाही घाल.

अडकली होती. तिसऱ्या झटक्याला सुटली.

चावी तिच्याकडेच राहू दिली.

१७ नोव्हें., सोमवार

कॉलेजात अर्धी रजा. पाटी स्कूटरवर आडवी बांधून मल्हारगंज. पेंटर मास्टरजी अजून आहेत, दुकानात आता फ्लेक्सचं मशीन, ते पोरगा बघतो. स्वतः स्टुलावर बसलेले. पाटी ओळखली.

म्हटलं, पाऊण इंच जास्त कशी झाली? मी तर तीन फूट आखून दिली होती.

"अक्षर आपके, किनार मैडम की." मी समजलो नाही. ते सांगू लागले. माझा कागद देऊन मी गेल्यावर दुसऱ्या दिवशी व. एकटी आली होती. "बोलीं, मास्टरजी, दोनों बाजू लाल किनार डाल दो, साड़ी जैसी. और साहब को मत बताना, वो नाप वाले आदमी हैं." म्हणून पत्रा थोडा वाढवून घेतला त्यांनी.

दोन्ही बाजूंना बोटभर लाल पट्टी. वर्षानुवर्षं बघतोय. पेंटरची पद्धत असेल असं धरून चाललो होतो.

मास्टरजींनी कात्री काढली. "काट दूँ? दो मिनट का काम है."

म्हटलं, आज नको.

तशीच बांधून परत आणली. येताना राजवाड्याजवळ ट्रॅफिकमध्ये एका बाईने वाचून विचारलं, "भैया, ये क्लास कहाँ लगती है?" सुदामा नगर म्हटलं. सिग्नल सुटला.

१८ नोव्हें.

पाटी क्लासमध्ये कटिंगच्या टेबलावर ठेवली आहे. भंवरकुआंच्या तीन मुली आल्या होत्या. सं.ला किनारीचं सांगितलं. कापावी लागणार म्हटलं.

"काटना क्यों? मैडम कपड़ा कभी काट के फेंकती थीं क्या? अंदर दबा देंगे." खडू घेतला आणि दोन्ही बाजूंनी सारख्या रेघा मारल्या, ब्लाउजच्या बाजूंना मारतात तशा. "दोनों तरफ से बराबर. कल को नियम बदले तो खोल लेना."

एक मुलगी म्हणाली, "दीदी, बोर्ड की भी फिटिंग?" सगळ्या हसल्या. मीही.

नाप वाला आदमी मी. हे मला सुचायला हवं होतं.

संध्याकाळी खंडेलवालजींच्या ओळखीच्या पत्रेवाल्याकडून कडा मागे दुमडून आणल्या. स्टीलच्या टेपने तीनदा मोजलं. छत्तीसला दोन सूत, म्हणजे पाव इंच कमी. समोरून लाल जरा कमी दिसतं. मागे आहे.

१९ नोव्हें.

झोन ऑफिस. कडा दुमडल्याचा फोटो, क्लास चालू असल्याचं पत्र, घराचा कागद, सगळं लावलं होतं. तिवारीजींनी एक-एक बघून बाजूला ठेवलं. "माप हो गया. क्लास चालू. रहने वाले आप, सिखाने वाली बहनजी. बढ़िया."

मग फॉर्म माझ्याकडे वळवला. बोटाने एक रकाना दाखवला. 'बोर्ड पर अंकित नाम: व्यक्ति / प्रतिष्ठान. जो लागू न हो, काट दें.'

"अगर व्यक्ति का नाम है, तो वो व्यक्ति यहाँ काम करता होना चाहिए. मैडम अब..." थांबले. "प्रतिष्ठान का, यानी क्लास का है तो कोई दिक्कत नहीं. सौ साल रखो. आप 'व्यक्ति' काट दो, मैं अभी ठप्पा मारता हूँ."

पेन हातात होतं. बाहेर रांग होती. म्हटलं, घरी नीट भरून आणतो.

"सरजी, एक लकीर ही तो है."

हो म्हटलं. आभार मानले. माणूस भला आहे.

२० नोव्हें.

फॉर्म जेवणाच्या टेबलावर आहे. बाकी सगळं शाईने भरलं. तेवढा रकाना तसाच.

तिसेक वर्षं रेघाच ओढतोय. हात कधी हलला नाही.

दुसरा मार्गही आहे. 'प्रतिष्ठान' काटायचं, नवी पाटी करायची, सं.च्या नावाची. ती इथे राहत नाही, म्हणजे तेही बसत नाही. मग माझ्या नावाची. मला बटण लावता येत नाही. सं.ला हे सांगितलं तर म्हणाली, "काका शिवण वर्ग? लड़कियाँ डर के भाग जाएँगी." आणि मग जरा वेळाने, काम करता करताच, "मुझे नाम-वाम नहीं चाहिए काका. मैडम का नाम पढ़ के ही आती हैं सब."

मुग्धाला फोन केला. १२ तारखेचं तुटक बोलणं मनात होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बाबा, आईला विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं?" म्हटलं, मला न सांगता किनार लावून आली असती. ती हसली.

दुपारी ड्रिलने भिंतीत चार भोकं पाडली, क्लासच्या दाराशेजारी. लेव्हल लावून. अंतर या पाटीचंच धरलं आहे, दुसऱ्या कुठल्या नाही.

२१ नोव्हें., शुक्रवार

सकाळी नवाला क्लास सुरू झाला. आज पाच मुली. व.च्या मशीनवर सं.ने एका नव्या मुलीला बसवलंय, मला न विचारता. बरंच केलं. व.चा टेप मी ड्रॉवरमध्ये परत ठेवला, वर चिठ्ठी लावली: 'मोजायला वापरू नये.' सं.ने चिठ्ठी वाचली आणि ड्रॉवर लावून घेतला.

पाटी भिंतीला टेकवून ठेवली आहे. स्क्रू खिशात.

"काका, बोर्ड कब लगेगा?"

म्हटलं, ऑफिसमधून आलो की.

आज शेवटचा दिवस. फॉर्म पिशवीत घातला, त्यावर पेन, आणि सहा इंची पट्टी, एका रेघेपुरती. फाटकाशी येऊन एकदा मागे बघितलं. आतून मशिनींचा आवाज येत होता, पाचही.

ऑफिसची खिडकी अकराला उघडते. निघतो.