थोरल्याला मिळालेला आशीर्वाद

हर्सूल, रविवार संध्याकाळ

दादा दुपारीच नाशिकला परत गेला. तिथल्या चर्चचा पाळक आहे तो. वर्षभरानं आला आणि सकाळी आमच्या मंडळीच्या उपासनेत नम्रतेवर बोलला. बायका रडल्या.

जेवण झाल्यावर तो बाबांच्या खाटेशी गुडघे टेकून बसला आणि आशीर्वाद मागितला. बाबांना दिसत नाही. त्यांनी चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "लई केलंस माझ्यासाठी. लेक असावा तर असा विश्वासू." काय केलं यानं? आणि तो हात किती वेळ तिथंच. दादानं डोळे मिटून आमेन म्हटलं.

मग मीही गुडघे टेकले. कशाला टेकले? बाबांनी माझे केस चाचपले आणि हात काढून घेतला. "तू व्हय? लघवीची पिशवी भरली बघ."

दादा हळूच म्हणाला, "सेवा हाच तुझा आशीर्वाद आहे रे."

पिशवी मी बदलली. त्यांचं अंगही रोज मीच पुसतो. त्यासाठीच बिडकीनची नोकरी सोडली, लग्न राहिलं ते राहिलंच.

मघाशी भरवताना बाबांनी विचारलं, "थोरला इतक्या लवकर का गेला?"

"त्याला तुमचा वास सहन होत नाही," मी म्हणालो. दादा असं काहीच बोलला नव्हता.

बाबांनी सदऱ्याची बाही नाकाशी नेली. मग म्हणाले, "मला पुन्हा एकदा आंघोळ घालतोस का?"

"उद्या बघू," म्हणालो आणि पुढचा घास त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी मुकाट्यानं तोंड उघडलं.

मला बरं वाटलं. प्रभू, खरंच बरं वाटलं.