तळाशी थांबलेला

प्रिय सूनबाई,

हा शब्द वाचून तू दचकशील. एरवी मी तुला सूनबाई म्हटलं असेल तर ते तुझी टर उडवायलाच, दूध उतू घालवलंस की. आज मुद्दाम म्हणते आहे, कारण तू माहेरी गेल्यापासून आपलं फोनवर जे काही चालतं, त्यात कुणी कुणाचं काही लागतं असं वाटतच नाही. "अहो आई, बरं आहे ना?" "आहे." "गोळ्या घेता ना?" "घेते." एवढं झालं की तुझ्याकडे कुणीतरी दार वाजवतं. रोज त्याच वेळेला तुमच्याकडे दार कोण वाजवतं गं? असो. पत्राचं बरं असतं, मध्येच ठेवता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणारी नाहीस, तुझा स्वभाव मला पुरता ठाऊक आहे.

आधी इकडची खबर. मी कामावर जायला लागले. सगळ्यांचं म्हणणं होतं, एवढ्यात नको, घरी बस, विश्रांती घे. घरी बसून काय करू? माझ्या लेकाच्या खोलीतला पंखा बघू? मोटार ट्रेनिंगची गाडी इतके दिवस अंगणात उभी राहून बॅटरी उतरली होती, ती चार्ज करून आणली आणि सुरुवात केली. सध्या एक निवृत्त गृहस्थ येतात. गिअर अडकला की गिअरलाच "सॉरी" म्हणतात. मला हसू येतं आणि मग हसल्याचा राग येतो. पण गाडीत बसले की माझा डावा पाय आपोआप त्या दुसऱ्या ब्रेकवर जातो आणि तेवढा तासभर मी शुद्धीवर असते. शिकवणाऱ्याच्या बाजूला तो जादा ब्रेक कशाला असतो, हे तुला मी सांगायला नको. तू त्याच गाडीत शिकलीस. आठवतं, चौकात समोरून ट्रक आला आणि तू स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतलेस? मागच्या सीटवर तो हसून हसून लोळत होता. गाडी मी थांबवली. तू रडत माफी मागायला लागलीस आणि मी तुला झापलं, माफी कसली मागतेस, शिकणारं माणूस घाबरणारच, ते घाबरणार नसतं तर मला इथे कशाला बसवलं असतं? हे मी तुला समजूत घालायला म्हटलं नव्हतं. माझा धंदाच त्यावर उभा आहे.

आता ज्यावर आपण बोलत नाही त्यावर येते.

मला जे सांगितलं गेलं ते असं. तुमच्या डायव्हिंगच्या कोर्सात आधी वर्गात बसून शिकवलं, मग तलावात, मग समुद्रात. तलावात तो चटकन तयार झाला. तुला मात्र मास्कमध्ये पाणी शिरलं की धडकी भरायची. हे तर तू मला फोनवरच सांगितलं होतंस, आणि मी म्हटलं होतं, जमत नसेल तर काठावर बसून भजी खा. समुद्रातली ती दुसरी खेप. पाण्यात तुम्ही दोघं आणि तुमचे सर. तळाशी गुडघ्यांवर बसून सराव चालला होता. तुझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं, तू धडपडायला लागलीस, तोंडातली नळी काढायला निघालीस. सरांनी तुला धरलं आणि वर आणलं. वर लाटा होत्या, बोट लांब सरकली होती, तुला बोटीत चढवेपर्यंत वेळ गेला. सर पुन्हा खाली गेले तेव्हा त्याच्या सिलिंडरमधली हवा संपली होती. तो जिथे बसला होता तिथेच सापडला.

एवढं सगळ्यांना मान्य आहे. पुढचं नाही. सरांनी चौकशी समितीला लिहून दिलंय की त्यांनी दोघांनाही वर यायची खूण केली होती, तो मुद्दाम खाली राहिला, मुलगा जरा आगाऊ होता, जादा आत्मविश्वास. पाण्याखाली ही खूण बघणारी माणसं तीन. एक गेला, एक सर, एक तू. आणि तुला समितीच्या साहेबांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, आठवत नाही.

आगाऊ! अगं, तो? तुझा नवरा होता म्हणून तुला त्याचे चार गुण माहीत असतील, मला त्याचे सगळे अवगुण पाठ आहेत. ओला टॉवेल गादीवर टाकायचा. रुसला की दोन दोन दिवस तोंड फुगवून बसायचा. केस कापून आलो म्हणून धडधडीत खोटं बोलायचा, डोक्यावर जंगल तसंच. पण एखाद्या कामातल्या जाणत्या माणसानं सांगितलं की इथे उभा राहा, तर तो उभा राहायचा. पहिलीत असताना स्टेशनवर मी त्याला खांबापाशी उभं केलं, बॅग सांभाळ, हलू नकोस, तिकिटं घेऊन येते. रांग लांबली. परत आले तर चड्डी ओली, डोळ्यांत पाणी, आणि बॅगेचा बंद दोन्ही मुठींत. बाजूच्या बाईनं त्याला न्यायचा किती प्रयत्न केला म्हणे. त्यावरून त्याचे बाबा त्याला कित्येक वर्षं 'खांब' म्हणत. अशा मुलाला कुणी वर चल म्हटलं असतं, तर तो सरांच्या आधी वर पोचला असता. मी आई आहे म्हणून बोलत नाही. पोरं गाडी कशी चालवतील हे मी त्यांच्या बसण्यावरून सांगते, हा तर माझ्या घरात वाढला.

आता तुझा हात. समितीचे साहेब घरी आले होते तो दिवस आठव. तू त्याचा राखाडी स्वेटर घालून डायनिंगच्या खुर्चीत बसली होतीस. त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, सरांनी वर जाताना त्याला कोणती खूण केली? तू म्हणालीस, आठवत नाही. आणि ते म्हणत असताना तुझा उजवा हात टेबलावर आला, पंजा पालथा, आणि हवेतच दोनदा खाली दाबलास, लहान मुलाला खाली बस म्हणून सांगतात तसा. साहेब लिहीत होते. मी बघत होते. मी बघतेय हे तुला दिसलं आणि तू हात स्वेटरच्या खिशात घातलास. दुसऱ्या दिवशी तुझे बाबा तुला न्यायला आले. मी अडवलं नाही. मला त्या हाताचा अर्थच माहीत नव्हता.

मग मी तिथे गेले. हो, तुमच्या डायव्हिंग स्कूलमध्ये. तुला सांगितलं नाही. ते पुन्हा सुरू झालंय, नवी बॅच, नवे फलक, काउंटरवरची मुलगी मला म्हणाली की काकू, वयाचं काही नसतं, तुम्हीसुद्धा शिकू शकता. मी तलावाच्या काठाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. एक तरुण बाई शिकवत होती, नीट शिकवत होती, एकेकाच्या डोळ्यांत बघून. मधल्या वेळेत मी तिला खुणांबद्दल विचारलं. तिनं हौसेनं दाखवल्या. अंगठा वर म्हणजे छान नाही, वर चला. आणि मग मी माझा पंजा पालथा करून दोनदा खाली दाबला. ती म्हणाली, ही आमच्याकडे तलावात पहिल्याच दिवशी शिकवतात, खाली बसा, मी परत येईपर्यंत जागचं हलू नका.

 मी विचारलं, एखादं घाबरलं तर? ती म्हणाली, मग सगळेच वर, एकाला खाली ठेवून कधीच जायचं नाही. मग तिनं मी कोण ते विचारलं. मी सांगितलं. ती उठली, ओले मास्क गोळा करायला लागली, गोळा केलेले पुन्हा मांडायला लागली. मी निघताना जवळ येऊन एवढंच म्हणाली, "काकू, मी काही बोलले असं सांगू नका." पलीकडच्या टोकाला तुमचे सर होते. दाढी वाढली आहे, वाळलेत. एका मुलीचा मास्क बांधत होते. त्यांनी मला पाहिलं असावं, कारण तो पट्टा बांधायला फार वेळ लागला. मला वाटलं होतं मला त्यांची थोडी तरी कीव येईल. नाही आली. मी त्या मुलीकडेच बघत राहिले.

तर मला आता कळलंय. त्याला थांबायला सांगितलं होतं. आणि तुला आठवतंय.

तू का बोलत नाहीस तेही मला कळतं. सरांनी त्याला थांबायला सांगितलं असं तू एकदा म्हटलंस, की पुढचा प्रश्न येतो, सर वर का गेले? त्याचं उत्तर तू आहेस. ते उत्तर माझ्यासमोर द्यायला तुला भीती वाटते. म्हणून मीच देऊन टाकते. हो, तू त्या दिवशी घाबरली नसतीस तर तो आज असता. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. हे माझ्या मनात सिग्नलला उभी असताना येतं, भांडी विसळताना येतं. एकदा तर तुझा इतका राग आला की शिकाऊ माणसाला खाली उतरवून मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून तुला नको नको ते बोलले. त्याच्यावरही ओरडले. मूर्खा, हवेचा काटा खाली येताना दिसत होता ना, मग वर का नाही आलास? कुणाचं एवढं ऐकायचं असतं? तो काय करत असेल तिथे, वर बघत असेल का, तुझी काळजी करत असेल का, याच्यापुढे माझं डोकं चालत नाही.

पण राग ओसरला की मी पुन्हा माझ्या धंद्यावर येते. तू घाबरणार, हे तुमच्या सरांना तलावातच कळलं होतं. नवखं माणूस पाण्याखाली घाबरतं म्हणून तर सर असतात. त्यांनी दोघांना घेऊन वर यायचं होतं. गडबड करणाऱ्याला त्यांनी उचललं आणि शहाण्यासारखा बसलेला तसाच ठेवला, कारण तो त्रास देत नव्हता. जाताना त्याच्या हवेच्या काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. यातलं तुझं काय आहे? तुझं फक्त घाबरणं आहे.

समितीच्या अहवालाचा मसुदा मी वाचला. त्यात एक वाक्य आहे, 'प्रशिक्षणार्थीने सूचनेचे पालन केले नाही.' तुझे मामेसासरे म्हणाले, ताई, एका वाक्यानं तो परत येणार आहे का, सोडून दे. नाही येणार. पण ते वाक्य राहिलं तर माझा मुलगा कायमचा आगाऊपणानं मेलेला होईल, आणि तुमचे सर त्या मुलीला समुद्रात नेतील. मी ते वाक्य राहू देणार नाही.

म्हणून हे पत्र. मी समितीकडे अर्ज केला आणि त्यांनी सुनावणी पुन्हा ठेवली आहे. साक्षीदार म्हणून मी तुझं नाव दिलं आहे. या आठवड्यात तुझ्या माहेरी नोटीस येईल. ती मी पाठवायला लावली आहे, समितीनं आपण होऊन नाही. तुझे बाबा संतापतील, त्यांना सांग की शिव्या मला द्या, मी फोन उचलीन. तुला आधी विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं. आता तुला यावंच लागेल. तिथे सरांचा वकील तुला खुणेबद्दल विचारील, त्याआधी तुझा धीर सुटावा म्हणून मुद्दाम माझ्याकडे बघत विचारील, बाई, त्या दिवशी पाण्यात तुम्ही घाबरला होतात ना? मी समोरच्या बाकावर नसेन, तुझ्या शेजारच्या खुर्चीत असेन. मान खाली घालू नकोस, माझ्याकडेही बघू नकोस. हो म्हण. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं हो म्हण, आणि मग त्याला काय सांगितलं होतं ते सांग.

तुझीच,
आई